डोहाळजेवणाला चार तऱ्हेचे पाहुणे: खेळ कोणते घ्यावेत?

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. वहिनींचं सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण आहे, कोल्हापुरात राजारामपुरीतला एक हॉल ठरलाय आणि सत्तरेक पाहुणे येणार आहेत. वहिनींच्या माहेरची कागलकडची मंडळी, तुमच्या घरची, भावाच्या पुण्याच्या ऑफिसातले सात-आठ जण (त्यातल्या तिघांना मराठी येत नाही), शेजारचं जैन कुटुंब, आणि या वेळी पुरुषांनाही बोलावलंय. इंटरनेटवर सापडलेले खेळ तुम्हाला परके वाटतात, आणि आपले नेहमीचे घेतले तर ऑफिसवाले मोबाईल काढून बसतील अशी धास्ती आहे. म्हणून तुम्ही विचारलंय, सगळ्यांना चालतील असे खेळ सांगा.

खेळ सांगते. पण तुमची अडचण खेळांची कमी आणि बसण्याची जास्त आहे. मी कोल्हापुरात बरीच वर्षं डोहाळजेवणं, बारशी आणि हळदीकुंकवाचं सूत्रसंचालन करते. त्याआधी आमचा मंगळागौरीचा गट होता, त्यातूनच हे काम लागलं. जवळजवळ प्रत्येक हॉलात एकच चित्र असतं. माहेरच्या बायका डावीकडे भिंतीला, सासरच्या स्टेजपुढे, ऑफिसची मंडळी कुलरजवळ गोल करून, आणि पुरुष बाहेर गेटपाशी ऊसदर नाहीतर तालमींच्या फुटबॉल मॅचवर बोलत जेवणाची हाक कधी येते त्याची वाट बघत उभे. अशा वेळी माईक हातात घेऊन दोन जणींना स्टेजवर बोलावलं की बाकीचे अडुसष्ट प्रेक्षक होतात. हसतात, टाळ्या वाजवतात, पण शेजारी बसलेल्याचं नाव काही त्यांना कळत नाही. टीव्हीवरच्या पैठणीच्या खेळांनी आपल्याला ही सवय लावली. तिथे ठीक आहे, कारण तिथे बघणारा घरी बसलेला असतो. तुम्हाला मात्र बघणारे नकोत, बोलणारे हवेत. म्हणून मी शक्यतो स्टेजवरचे खेळ घेतच नाही, टेबलावरचे घेते.

काही गोष्टी मात्र तुमच्या घरावर अवलंबून आहेत, त्या मी इथून सांगू शकत नाही. वहिनींना हे सगळं हवंय का, हे सर्वात आधी. काहींना सातव्या महिन्यात हसण्या-खिदळण्याची हौस असते, काहींना पाठ धरलेली असते आणि कधी एकदा आडवं पडतोय असं झालेलं असतं. हॉलमध्ये गोल टेबलं आहेत की लग्नासारख्या रांगेतल्या खुर्च्या, यावरही खूप ठरतं. रांगा असतील तर हॉलवाल्याला आदल्या दिवशीच सांगून आठ-आठ खुर्च्यांचे गोल करून घ्या. मधे टेबल नसलं तरी चालतं. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना ओटी भरण्याआधी खेळ चालतील का, ते विचारा. काही घरांत आधी ओटी, मग बाकी सगळं. तसं असेल तर माझा क्रम फिरवा, त्यावरून घरात वाद घालू नका.

आता मुद्द्याचं. मिश्र पाहुण्यांत खेळ निवडताना मी एकच गाळणी लावते. खेळातला प्रश्न 'तुमच्या मुलांबद्दल' असेल तर तो बाद. 'तुम्ही मूल होतात तेव्हाबद्दल' असेल तर घ्यायचा. तुमच्या सत्तरांत कुणाचं लग्न झालेलं नसेल, कुणाला मूल नसेल, कुणी ते गमावलं असेल, कुणाचे उपचार चालू असतील आणि तिने ते कुणालाच सांगितलेलं नसेल. 'तुमचं बाळ पहिल्यांदा काय बोललं?' हा साधा वाटणारा प्रश्न अशा बाईला दहा मिनिटं खाली मान घालून बसवतो. पण जन्म प्रत्येकाचा झालाय. प्रत्येकाला कुणीतरी टोपणनाव ठेवलंय, प्रत्येकाच्या आईला कसले ना कसले डोहाळे लागलेत. पुण्याच्या ऑफिसातल्या तमिळ मुलालाही, तुमच्या ऐंशीच्या आजीलाही आणि गेटपाशी उभ्या मामांनाही.

उखाण्याचंही तसंच आहे. उखाणा हा आपला सगळ्यात जुना आणि हुकमी खेळ, तो सोडायला मी सांगणार नाही. पण 'आता सगळ्या सुवासिनींनी नाव घ्यायचं' असं माईकवरून म्हटलं की हॉलमधल्या निम्म्या बायका आपोआप बाहेर पडतात. आपल्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि मग राज्य शासनाने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही त्याच वाटेने जायला सांगितलं. मग आपल्या हॉलात एखाद्या काकूने मागच्या खुर्चीवर का बसायचं? मी उखाणा नवऱ्याच्या नावाचा घेतच नाही, येणाऱ्या बाळासाठी घ्यायला लावते. प्रत्येक टेबलाने मिळून दोन ओळी जुळवायच्या आणि त्यात वहिनींचं नाव आलं पाहिजे, एवढाच नियम. 'रंकाळ्याच्या पाण्यावर संध्याकाळची लाली, अमुकताईच्या बाळाची चाहूल आली' असलं काहीही चालतं. यमक जुळवायला गावाकडच्या आत्याबाई लागतात आणि माईकवर म्हणायला ऑफिसातली पोरगी तयार होते. ओटी भरायलाही ज्यांची इच्छा आहे त्या सगळ्या जणींना बोलवा, पण ते घरात आधी बोलून ठरवा. कार्यक्रमात ऐन वेळी जाहीर केलंत तर जिच्यासाठी केलं तीच अवघडते.

बसण्याची सोय दारातच करायची. मी शिंप्याकडून खणाच्या कपड्याची कातरणं आणते. हिरवा, जांभळा, लाल, मोरपंखी असे जितके गोल तितके रंग. त्याचे छोटे फुलोरे करून सेफ्टीपिनने प्रत्येकाला लावायचे. रंग दिसेल त्या गोलात बसायचं. वाचावं लागत नाही, भाषा लागत नाही, आणि पुरुषांच्या शर्टालाही शोभतं. रंग वाटणाऱ्या मुलीला मात्र एक गोष्ट समजावून सांगा. एकेकट्याला सुटं करायचं नाही, दोघा-दोघांना एक रंग द्यायचा. दोन माहेरच्या, दोन सासरच्या, दोन ऑफिसच्या, दोन शेजारच्या. ओळखीचं एक माणूस बाजूला असलं की माणूस अनोळख्याशी बोलायला धजतो. अगदीच एकटं पडलं तर मोबाईल बाहेर येतो. आणि गुडघे धरलेल्या आजींना इकडून तिकडे हलवू नका. त्या बसतील तिथेच त्यांचा रंग, तरुणांनी त्यांच्याभोवती गोळा व्हायचं.

आपल्याकडे पाचचा कार्यक्रम म्हणजे लोक पाच ते सव्वासहा येत राहतात. त्या वेळात सुरुवात-शेवट नसलेला एक खेळ ठेवा. काचेच्या बरणीत चिंचोके भरा आणि शेजारी वही. किती आहेत ते अंदाजाने लिहायचं. हा खेळ म्हणून फार काही नाही, पण वहीपाशी दोन अनोळखी माणसं उभी राहतात आणि एक दुसऱ्याला विचारतो, 'काय वाटतंय ओ, पाचशे?' झालं, बोलणं सुरू. चिंचोके आधी नीट मोजून ठेवा. कोल्हापूरकर पैज हरला की मोजून दाखवा म्हणतो.

सगळे बसले की पहिला खेळ टोपणनावांचा. प्रत्येकाने चिठ्ठीवर आपलं लहानपणीचं टोपणनाव लिहायचं, चिठ्ठ्या त्याच गोलातल्या वाटीत टाकायच्या, आणि एकेक काढून ओळखायचं की ही 'चिमी' कोण, हा 'गुंड्या' कोण. ओळखलं की त्या माणसाने सांगायचं, नाव कुणी ठेवलं आणि अजून कोण त्या नावाने हाक मारतं. पाच-सात मिनिटांत आठ जणांना एकमेकांची नावं पाठ होतात. तीही अशी की जेवणाच्या पंगतीत 'ए गुंड्या, भात वाढ की' ऐकू येतं. साठीच्या साहेबांना 'बाळू' म्हणून हाक बसली की त्यांचा ताठा तिथेच उतरतो. रंगावरून, अंगावरून पडलेली नावं असतात, म्हणून चिठ्ठी ज्याची त्याने लिहायची, शेजाऱ्याने नाही. ज्याला आपलं नाव नकोसं आहे तो दुसरं लिहील, तेवढी मुभा राहू द्या. लिहिता न येणाऱ्या आजींची चिठ्ठी गोलातल्या एखाद्या शाळकरी पोराने त्यांच्या कानाशी जाऊन लिहून घ्यायची. पोरांना असलं गुपिताचं काम फार आवडतं.

दुसरा खेळ डोहाळ्यांचा, आणि माझ्या मते सगळ्यात कसदार हाच. नियम सोपा. 'तुमच्या वेळी तुमच्या आईला कसले डोहाळे लागले होते?' प्रत्येकाने सांगायचं. ज्याला माहीत आहे त्याने खरं सांगायचं, ज्याला माहीत नाही त्याने थाप मारायची. बाकीच्यांनी ओळखायचं, खरं की थाप. निमंत्रणाच्या मेसेजमध्येच लिहा, 'येताना आईला नाहीतर मावशीला विचारून या, तुमच्या वेळी तिला काय खावंसं वाटायचं.' या एका ओळीने पंचविशीतली पोरं कार्यक्रमाआधी घरी फोन करतात आणि गोष्टी घेऊनच येतात.

मग काय काय निघतं! रात्री अकराला भडंग हवं म्हणून सासऱ्यांना उठवलेलं. कैरीचे दिवस नसताना कैरी. मटणाचा वास नको, पण पांढरा रस्सा मात्र हवा. एका तेलुगू बाईंनी सांगितलं की त्यांच्या आईला नुसता ताकभात लागायचा, आणि शेजारच्या करवीर तालुक्यातल्या आजी म्हणाल्या, 'मलाबी तसंच!' दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पुढचं सगळं हातवाऱ्यांवर चाललं. या खेळात वयस्कर बायकांचं पारडं आपोआप जड होतं, कारण खरं-खोटं त्यांनाच कळतं, आणि तरुण त्यांच्याकडे निकालासाठी बघतात. गावाकडून आलेली मंडळी शहरी हॉलात जी अंग चोरून बसतात, ती इथे मोकळी होतात.

दोन गोष्टी सांभाळा. एखाद्याची आई नुकतीच गेलेली असू शकते, म्हणून 'पास' म्हणायची सूट सुरुवातीलाच जाहीर करा आणि पास म्हटल्यावर कारण विचारू नका. दुसरं, कुणीतरी नक्की सांगणार की माती खावीशी वाटायची, भिंतीचे पोपडे, खडू, भाजकी माती. हसून सोडा, पण वहिनींनाही तसं वाटत असेल तर त्यांनी डॉक्टरांना सांगावं. ते अंगात रक्त कमी असल्याचं लक्षण असू शकतं.

तिसरा खेळ वासांचा. छोट्या डब्यांत एकेक पदार्थ घाला, तोंडाला मलमलचा तुकडा बांधा, वर आकडा लिहा, आणि डब्या गोलातून फिरवा. वास घेऊन ओळखायचं. मी ओवा, बाळंतशेपा, सुंठ, वेखंड, जायफळ, मेथी घेते आणि सोबत दोन-तीन आजकालच्या वस्तू, म्हणजे बेबी पावडर, ग्राइप वॉटरमध्ये बुडवलेला कापूस, खोबरेल. जुनं आणि नवं एकत्र असलं की कुणा एका गटाची सरशी होत नाही. आज्या डोळे मिटून सुंठ आणि वेखंड सांगतात, बेबी पावडरशी अडतात. ऑफिसवाले उलटे. खरी गंमत ग्राइप वॉटरच्या डबीवर होते. तरुण म्हणतात ग्राइप वॉटर, आज्या म्हणतात शेपा, आणि दोघं हट्टाला पेटतात. गंमत अशी की बऱ्याच ग्राइप वॉटरमध्ये शेप्याचं तेल असतंच. म्हणून मी दोघांनाही गुण देते, पण भांडण जरा रंगल्यावर. मराठी न येणाऱ्यांना हा खेळ सगळ्यात सोपा, कारण ओव्याला ते त्यांच्या भाषेत काय म्हणतात ते सांगतात आणि गोलातले लोक ते नाव दोनदा म्हणून बघतात.

वहिनींकडे मात्र डब्या जाऊ देऊ नका. त्या दिवसांत वासाने मळमळतं, त्यांना परीक्षक करा आणि उत्तरांचा कागद द्या. आणि या खेळातून गाडी बाळगुटीवर जाते, ती वेळीच वळवा. कुणीतरी आजी सहाणेवर काय काय उगाळायचं ते सांगायला लागतील, कुणी डॉक्टर पाहुणी त्यांना अडवेल, आणि वातावरण तापेल. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हा डॉक्टरांचा सल्ला ठाम आहे. खेळ वास ओळखण्याचा आहे, औषध देण्याचा नाही, एवढं म्हणून पुढची डबी फिरवायची.

पुरुषांसाठी वेगळा खेळ ठेवू नका, त्यांना गोलातच बसवा. त्यांना गेटपासून आत आणायचं कसं, तर काम देऊन. 'या, बसा' म्हटलं की ते 'असू दे, बरं आहे इथं' म्हणतात. 'दाजी, जरा गुण लिहायला माणूस पाहिजे' म्हटलं की येतात. प्रत्येक गोलात एका काका-मामाच्या हातात वही-पेन द्या. एकदा बसले की ते खेळात तुमच्यापेक्षा जास्त जीव लावतात आणि दुसऱ्या गोलाच्या गुणांवर हरकतही घेतात.

यानंतर एकच खेळ सगळ्यांना दिसेल असा उभ्याने घ्या, म्हणजे अंग मोकळं होतं. लंगोट आणि डायपर. प्रत्येक गोलातून एक जोडी, एक वयस्कर आणि एक तरुण, शक्यतो वेगवेगळ्या घरातले. वयस्कराने जुन्या मऊ धोतराच्या तुकड्याचा त्रिकोणी लंगोट बाहुलीला बांधायला तरुणाला शिकवायचं, तरुणाने वयस्कराला डायपर लावायला शिकवायचं, आणि मग दुपट्यात गुंडाळून बाहुली वहिनींच्या हातात. वेळ लावा, पण निकाल वेळेवर नको. बाहुली उचलल्यावर लंगोट गळून पडला नाही, ती जोडी जिंकली. भावाला या खेळात घ्यायचंच. त्याला पुढे कामाला येईल, आणि सासरे-जावई अशी जोडी लागली तर हॉल डोक्यावर घेतात लोक. भावाच्या पोटाला उशी बांधून जमिनीवरचे शेंगदाणे वेचायला लावतात, तेही मी पाहिलंय. त्याची हौस असेल तर दोन मिनिटं चालतं, नसेल तर ओढून आणू नका.

लहानपणीचे फोटो दोरीला लावून ओळखण्याचा खेळ तुम्ही कुठेतरी वाचला असेल. चांगला आहे, पण गावाकडच्या साठीपुढच्या लोकांचे लहानपणीचे फोटो नसतातच. म्हणून 'लहानपणीचा' न म्हणता 'तुमच्याकडचा सगळ्यात जुना फोटो' मागवा. मग लग्नातला, शाळेच्या ओळखपत्रावरचा, जोतिबाच्या यात्रेतला, काहीही येतं. जेवणाच्या रांगेशेजारी लावा, रांगेत बोलायला विषय होतो. वेगळा वेळ देऊ नका.

आता पेढा-बर्फी. तुम्ही विचारलं नाहीत, पण ऐन वेळी कुणीतरी दोन वाट्या झाकून आणणारच, म्हणून सांगते. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, आणि पेढा निघाला की जरा जास्त जोरात टाळ्या. त्या जास्तीच्या टाळ्या वहिनींना ऐकू येतात. आपल्या जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या. त्यानंतर लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी मशीनवर सायलेंट ऑब्झर्व्हर, म्हणजे प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारं यंत्र, बसवायची मोहीम इथे झाली. ते आठवत असलेली माणसं तुमच्या हॉलात असतील. अंदाज बांधण्याचा खेळ गुन्हा नाही, हे खरं. पण मी तो बदलून घेते. दोनऐवजी पाच वाट्या झाकायच्या, प्रत्येकीत वेगळा गोड पदार्थ आणि खाली चिठ्ठी: 'रात्रभर जागवणार', 'मामाच्या वळणावर जाणार', 'रंकाळ्यावर भेळ मागणार', 'आत्याशिवाय कुणाकडे राहणार नाही', 'शाळेत पहिल्या दिवशी रडणार नाही'. वाटी उघडण्याची उत्सुकता तीच, मुलगा-मुलगीचा विषयच नाही. वहिनींची साखर वाढलेली असेल तर वाट्यांत फळांच्या फोडी ठेवा, कुणाचं काही अडत नाही. आणि परदेशातला कुणी नातेवाईक केक कापून आतला रंग दाखवायचा कार्यक्रम सुचवेल. आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने डॉक्टरांना बाळाचं लिंग शब्दाने, खुणेने, कशानेही सांगता येत नाही. तेव्हा तो केक आपल्याकडे होतच नाही, एवढंच त्यांना कळवा.

वहिनींच्या पोटाचा घेर दोऱ्याने मोजणे, डोळे बांधून बाळाचं खाणं भरवणे, संगीत खुर्ची: हे तिन्ही नकोत. पहिल्यात ती वस्तू होते, दुसऱ्यात साड्या खराब होतात, तिसऱ्यात साडी नेसलेल्या आजींना कुणी ना कुणी धक्का देतंच.

झिम्मा-फुगडी मी सोडणार नाही, माझं पोटच त्यावर भरलंय. पण ती ओळख करून देण्यासाठी नाही, ओळख झाल्यावरची. ओटी भरून झाली की ज्यांना हौस आहे त्यांनी मधली जागा मोकळी करून फेर धरावा. तोवर गोलातली बोलणी झालेली असतात, म्हणून ऑफिसातल्या मुलीही हात धरून येतात. वहिनी झोपाळ्यावर बसूनच बघतील. त्यांचे फुलांचे दागिने, धनुष्यबाण आणि चंद्रकोरीचे फोटो त्याआधी उरकून घ्या. फोटोग्राफरला सांगा की तासभर उभं करायचं नाही, मधे पाणी आणि बाथरूमला जायला वेळ द्यायचा.

तुमच्या कार्यक्रमाचा क्रम मी असा लावला असता. पाचपासून बरणी आणि खणाचे रंग. सव्वासहाला टोपणनावं, मग डोहाळे, मग वास, आणि लंगोट-डायपर. सगळं मिळून पाऊण तास, फार तर पन्नास मिनिटं. मग पाच वाट्या आणि उखाणे, लगेच ओटी, मग ज्यांना हवा त्यांना फेर, आणि शेवटी जेवण. वेळ कमी पडला तर वासांचा खेळ गाळा, डोहाळ्यांचा गाळू नका. जेवणानंतर खेळ लावू नका, पांढऱ्या रश्श्यावर भात झाल्यावर कुणी उठत नाही. शेजारच्या जैन कुटुंबाला मात्र आधीच विचारा. ते सूर्यास्तापूर्वी जेवत असतील तर त्यांची पानं कांदा-लसूण-बटाट्याशिवाय वेगळी करून लवकर मांडा, आणि त्या वेळी त्यांच्याबरोबर तुमच्या घरचं कुणीतरी पानावर बसा. नाहीतर ते एका कोपऱ्यात जेवून निघून जातील.

बक्षीस एकाला मोठं नको, गोलाला मिळून द्या, आणि वाटून घ्यावं लागेल असं द्या. मी गुळाची एक किलोची ढेप देते. ती फोडायची कशी, यावर आठ माणसं पुन्हा बोलतात. हरलेल्या गोलांना काकवीची छोटी बाटली नाहीतर आजरा घनसाळ तांदळाची पुडी. पुण्याची मंडळी ते आनंदाने घेऊन जातात, प्लॅस्टिकच्या डब्यांपेक्षा बरं.

शेवटी तुम्ही विचारलंय की मराठी न येणाऱ्यांसाठी माईकवरून प्रत्येक वाक्य हिंदीत किंवा इंग्रजीत पुन्हा सांगू का. नको. सगळं दोनदा ऐकताना दोन्हीकडचे कंटाळतात, आणि त्या तिघांवर सगळ्या हॉलाची नजर जाते. त्यांच्या गोलात कॉलेजात जाणारा एखादा भाचा-पुतण्या बसवा आणि त्याला आधीच सांगून ठेवा की तुझं काम बाजूला बसून हळूच सांगायचं. खेळाचा नियम तुम्ही माईकवर एकदाच, सावकाश, हाताने दाखवून सांगा. आणि हॉलवाल्याचा माईक दुपारीच तपासा. घुमणारा असेल तर तो बंद ठेवून गोलागोलात फिरून सांगितलेलं बरं पडतं.